मधल्या खोलीतलं लाकूड

सातारा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "आत्या, खोलीला रंग देतेच आहेस तर भिंतीवरचं ते लाकूडही काढून टाक ना. कशाला आहे ते?" रंगारी समोर उभा होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण तो प्रश्न मनातून जाईना. आम्ही सांगितलंच नाही तर म्युनिकला बसून तुला कळणार कुठून? म्हणून लिहायला घेतलं. थोडं माझ्यासाठीही.

ते लाकूड म्हणजे त्याच खोलीचा उंबरठा.

तुझी पणजी पाटणला असायची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात तिच्या घराची मागची भिंत बसली. अण्णा तिला आणायला गेले, तर ती दारातून हलेना. घर उघडं टाकून येऊ कुठं, म्हणाली, आणि राहिली तिथंच. ती आली ते पुढे अर्धांगवायूचा झटका आल्यावर. साल दादा एक सांगतो, मी एक सांगते. पण दुष्काळ होता, रेशनवर लाल मिलो मिळायची आणि तिची भाकरी थापताना आई रडकुंडीला यायची, हे पक्कं.

आजीचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. ती दवाखान्यात असतानाच अण्णांनी खोलीचं काम काढलं. जन्मभर जमिनीवर गोधडी टाकून निजलेली बाई, पण आता खालून उठणं शक्य नव्हतं. घरात आईच्या लग्नातला उंच पलंग होता. अण्णांनी दवाखान्यात जाऊन आजीच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारून आणली. मग पलंगावर गादी घालून स्वतः बसले. त्यांच्या वजनानं दबलेल्या गादीच्या काठापासून सुतारानं ती सुतळी खाली सोडली आणि जितकं जास्त भरलं तितके चारही खूर कापले. "पलंगाच्या कडेला बसल्यावर आईचे तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, नाहीतर ती उठेल कशाच्या जोरावर?" असं ते आजीबद्दल पुन्हा पुन्हा म्हणत होते. आईनं लग्नातल्या पलंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. ती सुतळी कितीतरी वर्षं खिळ्याला तशीच होती.

उंबरठ्यावरून मात्र वाद झाला. आजीचं उजवं पाऊल घासत यायचं, बोटं अडकणार हे उघड होतं. पण उंबरठा उखडायचा म्हणजे काय! काकू तर रडल्याच. अण्णा एवढंच म्हणाले, "आई पडली तर?" पुढे कुणी बोललं नाही. सुतारानं त्या सागवानाला रंधा मारला आणि दाराकडे जाताना तिच्या डाव्या हाताला येईल असं ते भिंतीत पक्कं केलं. लहानपणी तू त्यालाच लोंबकळायचीस आणि माझा ओरडा खायचीस.

आता दादा त्याच खोलीत येतोय. पार्किन्सन्समध्ये पाय दारात आले की जमिनीला चिकटल्यासारखे होतात, हे तू पाहिलं आहेसच. फरशीवर रंगीत पट्ट्यांच्या आडव्या रेघा मारल्या तर एकेक ओलांडत पाऊल उचलता येतं असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, म्हणून पलंगापासून संडासापर्यंत रेघा मारून घेतल्या आहेत. सतरंजी, पायपुसणी सगळी उचलली. रात्रीचा बारीक दिवा लावला. गोळ्यांच्या वेळा कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवल्यात, कारण गोळीला उशीर झाला की त्याचं अंग आखडतं. गरम पाण्याची पिशवी, उशा, मेणकापड, सगळं आहे. तू मात्र रोज नवी लिंक पाठवतेस. तो रिमोटचा पलंग तूर्त मागवू नकोस, बाई. दादा अजून आपला आपण उठतो, त्याला उठू दे. लागेल तेव्हा मीच सांगेन. पैशांचं कौतुक आहेच गं तुझ्या, पण सगळं पार्सलनं येत नाही.

त्याचा आवाज फार बारीक झालाय. फोनवर उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात तू "हॅलो, हॅलो, रेंज नाहीये" म्हणून ठेवून देतेस. थांबत जा. तो बोलतच असतो. तुझ्या लेकालाही फोनवर घे आणि त्याला मराठीत बोलू दे, मोडकंतोडकं चालेल. जर्मनीत वाढतोय हे मला कळतं, पण आजोबांशी बोलायला मधे तू कशाला हवीस?

दादा दिवाळीनंतरच्या रविवारी येईल. नाताळच्या सुट्टीचं तिकीट आत्ताच बघ, नंतर महाग होतात म्हणून तूच कुरकुरतेस. वरच्या खोलीत तुमची सोय करते. जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
आत्या