कानाएवढी लाठी

वस्ताद, तुम्ही कापून दिलेली लाठी आमच्या घरी 33 वर्षं ओली लुगडी वाळत घालत होती.

सोप्यातली दांडी उंच. आईचा हात पुरायचा नाही. लुगडं लाठीच्या टोकावर घ्यायचं, टाचा उचलायच्या, दांडीपलीकडे टाकायचं आणि मनगटाच्या एका हिसक्यात लाठी सोडवून घ्यायची. तेल पिऊन काळी पडलेली ही काठी मुळात कशासाठी होती, हे घरात नव्याने आलेल्यांना ठाऊक नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. घर आवरताना लाठी हाताला लागली आणि मी नकळत ती जमिनीवर टेकवून अंगाशी धरली. तुम्ही म्हणायचात, लाठी ज्याची त्याच्या कानाला लागली पाहिजे. उंची वाढली की तुम्ही नवा बांबू निवडायचात, कानाशी खूण करायचात आणि करवत लावायचात. माझी शेवटची लाठी तेराव्या वर्षीची. ती आता माझ्या हनुवटीलाही पोचत नाही.

पेठेतल्या त्या आखाड्यात आम्ही तिघी पोरी, बाकी सगळी पोरं. संध्याकाळी मातीवर पाणी मारलेलं असायचं. हलगी कडाडली, खालून घुमकं बोललं, कैताळ झणझणलं की पायांना वेगळं सांगावं लागत नसे. खेळाचं नावच मर्दानी. पण त्या शब्दाला आम्ही कधी अडखळलो नाही. कोल्हापूरच्या पोरी तशाही 'आलो, गेलो, जेवलो' असंच म्हणतात. दारात चपला वाजल्या की तुम्ही मान न वळवता विचारायचात, "कोण?" मी म्हणायची, "मी आलो, वस्ताद."

पहिले कित्येक महिने तुम्ही हातात काहीच दिलं नाहीत. नुसता पवित्रा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. चारी दिशांना तोंड करून उभं राहायचं. हातांची घाई झाली की तुम्ही ओरडायचात, "पाय बघ, पाय. हात आपसूक येतोय." मग लाठी आली, मग फरी-गदका, आणि शेवटी दांडपट्टा. पट्ट्याची लोखंडी मूठ जवळजवळ कोपरापर्यंत हात गिळते. लाठीत जे मनगट सगळं बोलतं, ते इथे कोंडलं जाऊन मुकं होतं. घाव खांद्यातून, कमरेतून, थेट टाचेतून यावा लागतो. मला पट्ट्याने लिंबू कापायचं होतं. तुम्ही म्हणालात, "दसऱ्याला बघू."

दसरा आला. दसरा चौकात सोनं लुटलं, आखाड्यातली पोरं खेळली. मी आईशेजारी कडेला उभी होते. 'नको' असं कुणीच म्हटलं नव्हतं. दहावी जवळ आली, अंगावर ओढणी आली, येण्याजाण्याच्या वाटेवर टवाळ पोरं बसू लागली आणि एक दिवस आई म्हणाली, "आता बास झालं की." बास म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहिली, वस्ताद. एखादा पोरगा तीन दिवस फिरकला नाही, की तुम्ही सायकल काढून त्याच्या घरी जायचात. उंबऱ्यात बसून चहा घ्यायचात आणि त्याला मागे बसवून घेऊन यायचात. मी किती संध्याकाळी खिडकीशी बसून तुमच्या सायकलची घंटी ऐकली. ती गल्लीच्या तोंडाशी यायची आणि पुढे निघून जायची. पोर मोठी झाली, आता कशाला, असं तुम्हालाही वाटलं का? की आईनेच निरोप धाडला होता? हे सांगू शकणारी माणसं दोनच होती. तुम्ही गेल्याचं मला पुण्यात चार दिवसांनी फोनवर कळलं, तेव्हा हातात कणीक होती. मी ती मळत राहिले.

पुण्यात लग्न होऊन गेले आणि आठवड्याभरात 'आले, गेले' म्हणायला शिकले, कुणी हसू नये म्हणून. जीभ वळली तसे पायही वळले. बसमध्ये अंग चोरायचं, जिन्यात कडेला सरायचं, चौघांत बोलताना भिंतीचा आधार घ्यायचा. चारी दिशांना तोंड करून उभी राहणारी ती पोर नेमकी कोणत्या दिवशी गेली, ते सांगता येत नाही. माणूस गेलं की तेरावा तरी घालतात. तिचा कुणी घातला नाही.

आईच्या आजारपणात दोन वर्षं इकडे कोल्हापुरात राहिले. कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसलेली असते. 1700 मध्ये तिचे पती राजाराम महाराज गेले तेव्हा ती पंचविशीत होती; पुढची सात वर्षं तिने औरंगजेबाला झुंजवलं. तिलाही कुणीतरी बास म्हटलं असेल. तिने ऐकलं नाही. मी ऐकलं.

आणि तुमच्या पट्ट्याची एक बातमी आहे. 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. गोणपाटात गुंडाळून तुम्ही माळ्यावर ठेवायचात, तोच. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी हत्यारं परवान्यात अडकवली. तरी लढाईची विद्या खेळ म्हणून जगत राहिली. ज्या शत्रूसाठी हे घाव, तो कधीच मातीत गेला. मग रोज कशाला घालायचे, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "लढाई न्हाई म्हणून उभं राहायला इसरायचं व्हय?"

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा आखाड्याच्या त्या दारात गेले. आता शिकवते ती बाविशीतली पोरगी. मातीत निम्म्या मुली. मध्यंतरी माझा उजवा खांदा आखडला होता. हात अजून कानामागे जात नाही. दुसऱ्याच पवित्र्याला गुडघा बोलला, चौथ्याला दम संपला. शेजारची दहा वर्षांची चिमुरडी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी हात सावरू लागले, तशी शिकवणारी पोरगी ओरडली, "काकू, पाय बघा, पाय. हात आपसूक येतोय."

वस्ताद, तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण हेल तोच होता, 'आपसूक'वरचा ठसकाही तोच. मी घाम पुसायचं निमित्त करून पदर डोळ्यांना लावला.

लाठी हातात घेतली तेव्हा पाय परके होते, खांदा परका होता; मनगट तेवढं फिरलं. "मनगट बरं राहिलंय की, काकू," ती म्हणाली. राहणारच. दोन वर्षं आईची लुगडी मीच दांडीवर टाकत होते. पण एवढंच. बाकीचं गेलं ते गेलं. दसऱ्याचं ते लिंबू आता कुठल्याही दसऱ्याला कापलं, तरी चौदाव्या वर्षीचं असणार नाही.

तिने मला भिंतीपाशी उभं केलं, बांबू अंगाशी धरला, कानाजवळ खडूची खूण केली आणि करवत लावली. भुसा पायांवर पडत राहिला. जुनी लाठी मी सोप्यात परत ठेवली. तिचं काम तिला आहे.

दुसऱ्या दिवशी नवी लाठी घेऊन गेले. दारात चपला काढल्या. मान न वळवता 'कोण' म्हणून विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

तरी मी म्हटलं, "मी आलो, वस्ताद."