पहिल्या भेटीचा सामना

१४ जानेवारी २०२५ रोजीं, ऐन संक्रांतीच्या दिवशीं, दिल्लीस भारताच्या मुलींनीं दक्षिण कोरियाच्या मुलींना खोखोंत १७५ विरुद्ध १८ गुणांनीं हरविलें. विश्वचषकाची स्पर्धा ती पहिलीच. तेव्हां तीमध्यें ह्या दोन संघांची गांठहि पहिलीच. भारताची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतली, म्हणून ह्या निकालाचें कौतुक परभणीकडेहि पुष्कळ झालें.

आमच्या घरांत मात्र दुफळी झाली. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, पाहुण्या मुलींना इतकें रगडणें बरें नव्हे. शंभरानंतर तरी हात सैल सोडावयाचा होता. चिरंजीवांस त्यांत कांहींच वावगें दिसेना. आमची नात शाळेच्या संघांत खेळते, ती गप्प होती. पुढच्याच महिन्यांत परभणीस एका नामांकित संघाशीं तिला प्रथमच खेळावयाचें होतें, आणि ‘आमचेंहि असेंच होणार, मग जावयाचें कशाला?’ हा प्रश्न तिच्या मनांत घोळत होता.

आमचें मत सूनबाईंच्या विरुद्ध पडलें. अपरिचित प्रतिस्पर्ध्यास मुद्दाम सैल सोडणें ही दया दिसते खरी. परंतु समोरच्याची योग्यता आपणच ठरवून टाकण्याचा अहंकार तींत असतो. आमच्याकडील पोरें खोखो अंगणांतच शिकतात. कोरियाच्या मुलींना तो परका. खांबाजवळची ती हुलकावणी, बसलेल्या गड्यास पाठीमागून ‘खो’ देण्याचा तो नेमका क्षण, हें सारें शिकावयाचें तर समोरचा संघ पुऱ्या ताकदीनेंच खेळला पाहिजे. शिवाय त्या मुली अखेरपर्यंत खेळल्या, हें आम्हांस १७५ गुणांहून मोठें वाटतें.

कारण मैदान सोडून जाणारेहि झाले आहेत. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास रणजी सामन्यांत भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ शीं बरोबरी करण्यास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनीं पुढें खेळण्यास नकार दिला! पाऊणशें वर्षें लोटलीं तरी क्रिकेटप्रेमी ती गोष्ट विसरले नाहींत.

अमेरिकेंत तर ह्याहून नवल घडलें. १ जानेवारी १९०२ रोजीं कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें गुलाबपुष्पांच्या उत्सवानिमित्त मिशिगन व स्टॅनफर्ड ह्या विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना ठेवला होता. (हा फुटबॉल आपल्याकडील नव्हे; ह्यांत चेंडू हातांत घेऊन धावतात, नांव मात्र पायाचें!) दोघांची ती पहिलीच भेट. त्या मोसमांत मिशिगनविरुद्ध कोणासहि एक गुण मिळवितां आला नव्हता. ४९ विरुद्ध शून्य अशी स्थिति झाली, आणि आठ मिनिटें उरलीं असतां स्टॅनफर्डनें हार पत्करली. चालकांचा इतका विरस झाला कीं, १९१६ पर्यंत त्यांनीं उत्सवांत पुन्हा फुटबॉल ठेवलाच नाहीं. मध्यंतरीं कांहीं वर्षें चक्क रथांच्या शर्यती लावल्या!

रथांची ही गोष्ट नातीस फार आवडली. ती परभणीस गेली आणि हरून आली. गुण किती पडले तें विचारूं नये. मात्र ‘आजोबा, त्यांची एक मुलगी खांबाला वळसा घालतांना पाय असा टाकते’, असें म्हणत तिनें तें ओसरीवर करून दाखविलें. हल्लीं तुळशीवृंदावनाभोवतीं तोच सराव चालतो, आणि सूनबाईंस अंगण दोनदां झाडावें लागतें.