काट मारलेला परिच्छेद

कंपायलरच्या नव्या आवृत्तीसाठी मार्गदर्शिका अद्ययावत करण्याचे काम आमच्या कार्यालयात दुय्यम समजले जाते, याचे दुःख करणे मी केव्हाच सोडून दिले आहे. परंतु ज्या एका परिच्छेदावर वरिष्ठांनी काट मारली, त्याच परिच्छेदात वर्णिलेला अनर्थ पुढे घडला, आणि तो घडल्यावर खुलासा मात्र माझ्याकडून मागविण्यात आला, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

आमची संस्था पुण्याची. यंत्रांत बसविल्या जाणाऱ्या प्रणालींसाठी जीसीसी हा मुक्तस्रोत कंपायलर ती ग्राहकांना सिद्ध करून देते, आणि सोबतच्या पुस्तिकेचा मसुदा माझ्याकडे असतो. जीसीसीची १४वी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. घोषणा न केलेले फंक्शन बोलावण्याची आणि प्रकार लिहिलेला नसेल तेथे तो ‘इंट’ समजण्याची जी सवलत सी भाषेत पूर्वापार होती, ती १९९९ च्या मानकाने रद्द केली होती. तथापि कंपायलर पुढची २५ वर्षे फार तर वॉर्निंग देऊन असा कोड चालवून घेत असे. चौदाव्या आवृत्तीने त्या वॉर्निंगचे एररमध्ये रूपांतर केले. हा निर्णय मला मनापासून पटला होता. पत्ता परत करणाऱ्या फंक्शनची घोषणा राहून गेली, की परत आलेले मूल्य ‘इंट’ समजले जाऊन ६४ बिटांच्या यंत्रावर त्या पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडतात, आणि प्रोग्राम मूळ दोषापासून कोसभर दूर कोठेतरी कोसळतो; अशा दोषांच्या शोधात उत्तम अभियंत्यांच्या रात्री गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

परंतु एररने बांधणी थांबते, हे सांगण्यास पुस्तिका लागत नाही. ते पडदाच सांगतो. सांगावयास हवे होते ते निराळेच. पुष्कळशी जुनी मुक्त सॉफ्टवेअरे बांधणीपूर्वी ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवितात. यंत्रावर अमुक सोय आहे की नाही हे ठरविण्यासाठी ही स्क्रिप्ट चार-सहा ओळींचा एक चाचणी-प्रोग्राम लिहिते आणि तो कंपाइल होतो की नाही यावरून निर्णय देते. आता यांपैकी कित्येक चाचण्या जुन्या धाटणीच्या आहेत: ‘मेन’च्या आधी प्रकार लिहिलेला नाही, शेवटी ‘एक्झिट’ बोलावले आहे पण त्याची हेडर फाइल घेतलेली नाही. नव्या कंपायलरपुढे असा प्रोग्राम नापास होतो, आणि तो ज्या सोयीची चौकशी करीत होता तिच्याशी या नापासीचा काडीचाही संबंध नसतो. स्क्रिप्टला हा भेद कळत नाही. सोय उपलब्ध नाही असा शेरा मारून ती पुढे जाते, ती सोय वगळून बांधणी निर्वेधपणे पूर्ण होते, आणि खरे कारण कॉन्फिग.लॉग या फाइलमध्ये, सहसा कोणी उघडत नाही अशा ठिकाणी, नोंदलेले राहते. न आलेल्या साक्षीदाराची साक्ष विरुद्ध गेली असे गृहीत धरून निकाल द्यावा, तसा हा प्रकार आहे.

मी हे सारे एका परिच्छेदात लिहिले, त्याखाली तपासणीची रीत दिली, आणि मसुदा मंजुरीसाठी पाठविला. परत आला तेव्हा त्या परिच्छेदावर आडवी रेघ होती. समासात शेरा होता की, असा मजकूर वाचून ग्राहक आवृत्ती बदलण्यास कचरतील. मी लेखी विनंती केली, समक्ष भेटून बोलले, चाचणी-प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून दाखविला. उत्तर एकच मिळाले, की मुदत संपत आली आहे.

पुढे एका ग्राहकाच्या यंत्रातील नोंदींवरील वेळ केवळ पूर्ण सेकंदांत उमटू लागली. सेकंदाचा सूक्ष्म अंश दर्शविणारे फंक्शन त्या यंत्रावर होते. पण कॉन्फिगरच्या चाचणीत वर सांगितलेलाच दोष असल्यामुळे ते ‘नाही’ ठरले होते, आणि एकाच सेकंदात घडलेल्या घटनांचा अनुक्रम कायमचा हरवला होता. ग्राहकाची तक्रार रीतसर नोंदविली गेली. चौकशीत प्रश्न निघाला तो असा, की पुस्तिकेत याची ताकीद का नव्हती. आणि पुस्तिका माझ्या नावावर असल्याने खुलासा मी द्यावयाचा होता. मूळ मसुदा, समासातील शेरा आणि तारखा जोडून मी तो दिला. त्याची पोच मिळाली. उत्तर मिळाले नाही. ज्या हाताने रेघ मारली त्या हाताला त्या चौकशीत कोणीही काही विचारले नाही, आणि हा अन्याय मला ग्राहकाच्या नुकसानीइतकाच गंभीर वाटतो, कारण त्यामुळे यानंतर ताकीद लिहिणाराचे मन कचरते.

नव्या शिस्तीचा निर्णय मनापासून पटला असे मी वर लिहिले. परंतु त्या प्रसंगानंतर माझे मन तितके निःशंक राहिलेले नाही. २५ वर्षे जे चालवून घेतले गेले त्यावर माणसांनी विसंबून कामे उभारली, आणि त्यांतील बहुतेकांनी ते मानक कधी पाहिलेही नाही. ‘एफपरमिसिव्ह’ हा पर्याय दिला, की हे एरर पुन्हा वॉर्निंगवर येतात. पूर्वी मी तो पळवाट म्हणून नाकारीत असे. आज जुन्या कोडचा भार वाहणाराला, तात्पुरता का होईना, तो वापरा असे मी सांगते.

जो कोणी आपल्या कार्यालयात ही आवृत्ती रुजू करील त्याने एक काम अवश्य करावे: जुन्या व नव्या कंपायलरसह चालविलेल्या कॉन्फिगरने आपले निर्णय ज्यांत नोंदविले त्या कॉन्फिग.एच फाइली समोरासमोर ठेवून ताडून पाहाव्यात, आणि जेथे ‘आहे’चे ‘नाही’ झाले असेल तेथे कॉन्फिग.लॉग उघडावा. १५व्या आवृत्तीत सी भाषेचे २०२३ चे मानक पूर्वनिर्धारित झाले असून फंक्शनच्या घोषणेतील रिकाम्या कंसाचा अर्थ बदलला आहे. तेव्हा हीच तपासणी तेथे पुन्हा करावी.