पाटीवरचे आडनाव

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा विषय निघाला की आपली चर्चा ब्लॅक पँथरवरून दलित पँथरवर येते आणि तिथेच थांबते. मोर्चे, खटले, भाषणे यांवर पुष्कळ बोलून झाले. आज आम्हाला एका काळ्या कुटुंबाच्या हॉटेलाबद्दल लिहायचे आहे.

बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या मंद धगीवर नि धुरावर तासन्‌तास भाजलेले मांस. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या मळ्यांवर रात्रभर आगीजवळ जागायचे काळ्यांनी आणि मेजवानी व्हायची मालकाची. हेन्री पेरी हा मेम्फिसजवळ जन्मलेला काळा माणूस. बोटींवर स्वयंपाक करत तो कॅन्सस सिटीला आला. १९०८ च्या सुमारास तिथल्या एका गल्लीत भाजलेले मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकू लागला. १९४० साली तो वारला, पण त्याची कला मागे राहिली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या चार्ली ब्रायंटने धंदा पुढे नेला आणि नंतर तो भाऊ आर्थरकडे आला. पेरीचाच दुसरा माणूस आर्थर पिंकार्ड. १९४६ मध्ये जॉर्ज गेट्स यांनी काळ्यांच्या वस्तीत एक हॉटेल विकत घेतले, तेव्हा भट्टीवर हा पिंकार्ड होता. गेट्स कुटुंब त्याच्याकडून शिकले. मुलगा ऑली याने शहरभर शाखा काढल्या, पुढे तो शहराच्या उद्यान मंडळाचा अध्यक्षही झाला. पाटीवर ठळक अक्षरांत कुटुंबाचे आडनाव : गेट्स.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. काळ्यांचा आणि अस्पृश्यांचा प्रश्न त्यांना जवळचा वाटत होता. पण जवळचा म्हणजे एकच नव्हे. फरक बघा.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ऑलीज बार्बेक्यू नावाचे गोऱ्या मॅकक्लंग कुटुंबाचे हॉटेल होते. (वरच्या ऑली गेट्सशी त्याचा संबंध नाही.) ते सुरू झाले १९२७ साली, म्हणजे आपल्या महाडच्या साली. तिथले सुमारे दोनतृतीयांश कामगार काळे होते. पण काळ्या गिऱ्हाइकाने आत बसून खायचे नाही, पुडी बांधून घ्यायची आणि चालू लागायचे. १४ डिसेंबर १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव मोडून काढला. म्हणजे गोऱ्याला काळ्याच्या हातचे चालत होते, फक्त शेजारी काळा बसलेला चालत नव्हता. आपल्याकडे जात आधी हात बघते. हातालाच विटाळ आहे.

म्हणून कोणी आम्हाला सांगू लागले की, 'बघा, त्यांनी पिढीजात कामाचा अभिमान बाळगला, तुम्हीही बाळगा,' तर आम्ही सावध होतो. गेट्सनी हॉटेल घेतले ते स्वतःच्या पैशाने. भाव त्यांनी ठरवला, नफा त्यांच्या घरात गेला आणि नको झाले असते तर विकायला ते मोकळे होते. ब्रायंट यांचे हॉटेल आर्थर १९८२ मध्ये वारल्यावर कुटुंबाबाहेर विकले गेलेच. मालकी, भाव आणि सोडण्याची मुभा, ही तीन असतील तर तो वारसा. ही नसतील तर ती वेठ. मेलेली ढोरे ओढणे ही वेठ होती, म्हणून बाबासाहेबांनी ती सोडायला लावली.

आता आपल्या पाट्या बघा. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथल्या बाया पोळीभाजी केंद्र काढतात, मटणाच्या ऑर्डरी घेतात. हाताला चव आहे, हिशेब चोख आहे. पण पाटीवर कुठल्या तरी देवाचे नाव असते, आडनाव नसते. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत. आम्ही त्यांना दोष देत नाही. गिऱ्हाईक तुटले तर गटाच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार? संविधानाच्या कलम १५ ने हॉटेलाचे दार आपल्याला गिऱ्हाईक म्हणून उघडून दिले. आपल्या हॉटेलात येऊन जेवा, असे मात्र कोणताही कायदा कोणाला सांगू शकत नाही.

मग ही पाटी बदलायची कोणी? गेट्सचे हॉटेल उभे राहिले ते काळ्या वस्तीत, वस्तीच्या गिऱ्हाइकावर. बाहेरचे लोक नंतर आले. आपल्याकडे १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी, लग्नात, नामकरणात हजारो पंगती उठतात. त्या जेवणाचे पैसे कोणाच्या गल्ल्यात जातात, हे प्रत्येक जयंती मंडळाने वही उघडून बघावे. ते काम आपल्या बायांना द्यावे, उधार न ठेवता, बाजारभावाने द्यावे. अट एकच घालावी : पाटीवर स्वतःचे आडनाव लिहायचे. कांबळे, गायकवाड, वाघमारे, जे असेल ते.

जयभीम!