खिडकीबाहेरची माणसं

आमच्या आजीचा एकच फोटो आहे, आणि तो तिला फसवून काढलेला आहे. फसवणारा माणूस दोडामार्गच्या बाजारात स्टुडिओ चालवायचा. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, मीही तात्याच म्हणतो. त्यांचं माझ्यावर एक ऋण त्या फोटोचं आणि दुसरं तो ज्या भिंगानं काढला त्या भिंगाचं. फोटो आईच्या खोलीत आहे. भिंग माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर असतं आणि त्याच्यानं शक्य तेवढं मला छळतं.

तात्या तरुणपणी मुंबईला गेले ते गिरगावातल्या एका स्टुडिओत डार्करूमला लागले. बोटीवरून आलेल्या कुणा खलाशानं फोर्टातल्या बोरा बाजारात विकलेला एक रशियन झोर्की-४ कॅमेरा आणि त्यासोबतचं ३५ मि.मी.चं भिंग त्यांनी हप्त्यानं घेतलं. गावी परतले तेव्हा दोडामार्ग सावंतवाडी तालुक्यातच होतं. वेगळा तालुका १९९९ साली झाला. धंदा म्हणजे पासपोर्ट साइज. गोव्यात नोकरीला जाणारी पोरं, बांबोळीला इस्पितळात जाणारे पेशंट, शाळेचे दाखले. लग्नसराईत थोडे बरे दिवस. झोर्की या धंद्याला काडीच्या उपयोगाचा नव्हता, तो त्यांचा शौक होता.

भिंगाचं नाव ज्युपिटर-१२. मूळ रचना जर्मनीतल्या त्साइस कंपनीची, लुडविग बेर्टेले या माणसानं तिसाच्या दशकात केलेली, नाव बायोगॉन. महायुद्ध संपल्यावर रशियनांनी जर्मन रचना, यंत्रसामग्री आणि काच उचलून नेली आणि आधी मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला, पुढे लित्कारिनोला तेच भिंग नव्या नावानं पाडायला सुरुवात केली. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात. तात्यांच्या भिंगावर ६५ आहे. ॲल्युमिनियमचं, हातात घेतलं तर रिकामं वाटेल इतकं हलकं. छिद्र लहानमोठं करायचं कडं पुढच्या ओठाच्या आत दडवलेलं आहे, त्याला खटके नाहीत. दोन बोटांची टोकं आत घालून अंदाजानं फिरवायचं. पण खरी गंमत पाठीमागे. मागची काच गोटीसारखी फुगून बाहेर आलेली आहे, आणि लांबचं दृश्य धरायला भिंग अनंतावर लावलं की ती आणखी आत शिरते, थेट फिल्मच्या उंबऱ्यापाशी. टेबलावर ठेवायचं तर आधी झाकण लावा, हा तात्यांचा पहिला नियम.

आजीच्या फोटोचं रहस्य मात्र काचेत नाही, खिडकीत आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. झोर्कीची खिडकी ५० मि.मी.च्या भिंगाला बेतलेली. ३५चं भिंग लावलं की फिल्मवर येतं त्यातलं बरंचसं त्या खिडकीत दिसतच नाही. त्यासाठी वर बसवायची जादा खिडकी मिळते. तात्यांकडे ती नव्हती आणि त्यांनी ती कधी घेतलीही नाही. चारी बाजूंनी किती जास्त येणार हे त्यांना पाठ झालं होतं.

तिलारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त धरणप्रकल्प. पाट्ये, आयनोडे, सरगवे, शिरंगे, केंद्रे अशी आमच्याकडची गावं त्यात गेली, काही सगळी, काही थोडी. नव्वदच्या दशकात मोजणीवाले, मोबदल्याचे कागद, घरावर खुणा, हे सगळं चालू असताना तात्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं यायचे आणि घरोघरी हिंडून फोटो काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. कर्मचारी घरं मोजून जात, तात्या आत शिरत. खळं, लोटा, वळई, चुलीची खोली. आमच्या घरांच्या खोल्या केवढ्या, मागे सरकायला जागा कुठली! पन्नासच्या भिंगानं भिंत तेवढी आली असती. म्हणून ज्युपिटर.

आमच्या खळ्यात त्यांनी घरच्यांना लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, ओळीनं बसवलं. मी पुढे, हाफ चड्डीत. तात्यांच्या पाठीला गोठ्याची भिंत लागलेली. आजी दाराशी सूप घेऊन उभी होती. आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि पांढऱ्या कपाळाच्या बाईनं फोटोत कशाला यायचं असा तिचा हिशेब होता. ती आत जायला निघाली.

“तू फोटोत येवचंस नाय गे आये, थंयच रव,” तात्या म्हणाले.

ती थांबली. तात्यांनी तिला वगळल्यासारखा कॅमेरा आमच्याकडे वळवला आणि दाबला. खिडकीत ती खरोखरच नव्हती. फिल्मवर आली. डाव्या कडेला, दाराच्या चौकटीला टेकून, अर्धवट वळलेली, आणि आम्ही सगळे कसे बसलोय हे ती बघते आहे. बाकी आम्ही फोटोसाठी बसलेले दिसतो, ती एकटी घरात उभी असलेली दिसते. भिंगं कडेला ढेपाळतात. हे नाही ढेपाळलं: सुपाच्या बेळांची वीण एकेक करून मोजता येते, नऊवारीच्या काठाची रेघसुद्धा सुटलेली नाही. ती प्रिंट तात्यांनी आणून दिली तेव्हा आजी नव्हती. आम्ही पुनर्वसन वसाहतीत राहायला आलो होतो आणि घराच्या जागी पाणी होतं.

पुढे मोबाइल आले आणि स्टुडिओचं शटर अर्ध्यावर राहू लागलं. मी पणजीला नोकरीला लागलो, हौसेनं मिररलेस घेतला. तो दाखवायला गेलो तर तात्यांनी कपाट उघडलं. आत झिरोचा बल्ब कायम जळत असे. आमच्याकडचा पावसाळा चार महिने भिंतीसुद्धा पाझरवतो, तिथे काचेला बुरशी धरायला कितीसा वेळ? तात्यांच्या भिंगावर एक तंतूही नव्हता. त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली.

“ह्यां भिंग तुका दितंय. वापर. कपाटात ठेवलंस तर बुरशी येतली.”

आरसेवाल्या कॅमेऱ्यांच्या काळात हे भिंग डबीतच राहिलं असतं. या रशियन पेचाच्या भिंगाच्या बैठकीला फिल्मपासून २८.८ मि.मी. अंतर लागतं, आणि आरसा हलायला जागा ठेवल्यानं निकॉनच्या जुन्या एफ-माउंटमध्ये ते अंतर ४६.५ होतं. भिंग तेवढं आत नेणार कुठून? २००८पासून मिररलेस आले, आरसा गेला, आणि हे अंतर एकदम आटलं: सोनीच्या ई-माउंटात १८, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०. आता मधल्या पोकळीएवढी जाडी असलेली धातूची रिंग घातली की काम झालं. या रिंगेला अॅडाप्टर म्हणतात. त्यात काच नाही, तार नाही. किंमत एका जेवणाच्या बिलाएवढी. फोकस हातानं करायचा. पडद्यावर दृश्य मोठं करून घेतलं की वयस्कर डोळ्यांनाही जमतं.

मग मी वसाहतीतल्या घरासमोर आईला डाव्या कडेला उभं केलं. हेतू सांगायला नकोच. मधला भाग झकास आला. आईच्या पदराचा काठ मात्र बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखा फरफटला होता आणि कडेची चुन्याची भिंत जांभळट झाली होती.

दोष भिंगाचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. दोघांची एकमेकांसाठी घडणच झालेली नाही. मागची काच फिल्मच्या इतकी जवळ असल्यानं कडेचे किरण फार तिरपे येतात. फिल्मला त्याचं काही वाटत नाही, तो पातळ लेप, कुठल्याही कोनानं आलेला उजेड घेतो. सेन्सरवर मात्र आधी गाळण्यांची काच असते, पुष्कळ कॅमेऱ्यांत दोनेक मिलिमीटर जाडीची. तिरपा किरण तिच्यातून जाताना सरकतो आणि कडेचा तपशील फिसकटतो. त्याखाली लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या बारीक खाचा. वाऱ्यानं झड तिरपी आली की पागोळी आपल्या घमेल्यात न पडता शेजारच्यात पडते, तसा एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खाचेत जातो. त्याचा तो जांभळा डाग. लायकानं २००९च्या एम९मध्ये सेन्सरच्या कडेची सूक्ष्म भिंगं मुद्दाम सरकवून बसवली आणि वरची काच पातळ ठेवली, ती याचसाठी. फोक्टलँडरचं १५ मि.मी.चं भिंग फिल्मवर उत्तम चालायचं. २०१५ साली त्याची तिसरी आवृत्ती काढावी लागली, डिजिटलच्या कडा सांभाळायला. पाठीमागून प्रकाश घेणारे नवे सेन्सर रंगाचा डाग बराच कमी करतात, फिसकटणं तेवढं कमी करत नाहीत.

तोडगे आहेत. छिद्र एफ ८ किंवा ११वर बारीक करावं. भिंगापुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा धरून एक कोरा फोटो घ्यावा आणि संगणकावर त्याच्या हिशेबानं रंग वजा करावा. नाहीतर सरळ कृष्णधवल करून डागाचा प्रश्नच मिटवावा. सेन्सरवरची काच काढून पातळ बसवून देणारेही आहेत, पण चालत्या कॅमेऱ्याची छाती फाडून घ्यायची माझी तयारी नाही. कुणी मला विचारलं, ३५चं भिंग हवंय, जुनं रेंजफाइंडरचं घेऊन अॅडाप्टर लावू का, तर मी नको म्हणतो. त्या कॅमेऱ्यासाठी बनलेलं साधंसं भिंगही कडेला जास्त इमानदार असतं. लांब पल्ल्याची जुनी भिंगं खुशाल लावा, ती त्रास देत नाहीत. रुंद कोनाची रेंजफाइंडरची भिंगं आणि मिररलेस ही सोयरीक जुळवून आणलेली असते, ती तशीच वागते.

तात्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पडद्याच्या चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

“मग माणूस मदी घे. कडेक झाडां ने.”

बस, एवढंच. पण त्यानंतर मी हे भिंग घेऊन बांबर्डे-हेवाळ्याच्या दलदलीत गेलो. रानजायफळाच्या कुळातली झाडं तिथे चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असतात. सरकारनं ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली आहे. मधोमध मुळं ठेवली, कडेला पानं आणि काळोख. फिसकटलेलं पान कोण ओळखतो? तिलारीच्या खोऱ्यात या भिंगानं मी काढलेलं जे काही बरं आहे ते सगळं तात्यांच्या त्या एका वाक्यातलं आहे. माणसं काढायची असली की मात्र आजही मी दुसरं भिंग लावतो. कडेच्या माणसाला पुसायचं काम मला या भिंगाकडून करून घेववत नाही.

एकदा धीर करून पाकीट पुढे केलं. निदान भिंगाचे तरी घ्या म्हटलं. तात्या चिडलेच.

“तुझ्या आजयेन माका पेज वाढल्यान. तिनां तेचे पैशे घेतल्यान काय?”

त्या दिवशी फोटो झाल्यावर ते आमच्याकडे जेवले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. पेज, भाजलेला सुका बांगडा आणि फणसाचं लोणचं. मेनूसुद्धा त्यांच्या लक्षात होता. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला ज्यांचा देणेकरी समजत होतो, ते स्वतःला आमच्या घरचे देणेकरी समजत होते. कुणाचं कुणाकडे किती निघतं याचा हिशेब मी तिथेच सोडला. पैसे घेणार नसतील तर काम मागून घ्यावं, म्हणून निगेटिव्ह मागितल्या.

त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या, पट्ट्या कापून, गावाचं नाव पेन्सिलीनं लिहून. आता मी त्या प्रकाशपाटीवर ठेवून मिररलेसनं टिपतो, त्या कामाला मॅक्रो लागतो, आणि मोठ्या प्रिंट काढून वसाहतींत नेतो. लोक मधल्या माणसांकडे बघतही नाहीत, ती सगळ्यांच्या ओळखीची. बोट जातं कडेला. तात्यांच्या खिडकीबाहेर राहिलेली माणसं तिथे उभी असतात: भारा घेऊन निघालेला कुणी, पाठमोरी कुणी, परड्याच्या गडग्यावर बसलेलं पोर. परवा पाट्ये लिहिलेल्या पट्टीतल्या एका गडीमाणसावरून दोन घरांत जुंपली. दोघांचंही म्हणणं तो आमचाच काका. तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, दोघांकाय एक एक प्रिंट दी, आणि तिसरी माका हाड, मी बघून सांगतंय.