दुसरी हाक

माझी भाची विमान चालवते. आमच्या घराण्यात याआधी कोणी बैलगाडीपलीकडे काही हाकल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे दिवाळीला ती आली, की फराळाचे ताट पुढे सारून आम्ही सारे तिला प्रश्न विचारीत बसतो. मागच्या खेपेला मी मनातली एक जुनी भीती बोलून दाखवली. "काय गं, वर गेल्यावर तुमच्या कॅप्टनलाच काही झाले तर?"

चकलीचा तुकडा मोडीत ती म्हणाली, "मी असते ना, मामा!"

सहवैमानिक म्हणजे कॅप्टनचा मदतनीस, अशी माझी भाबडी समजूत. तसे नसते. विमान उतरवणे दोघांनाही येते, आणि ते आलटून पालटून उतरवतातही. कॅप्टन कोसळला, तर ती मोठ्याने सांगून विमान आपल्या ताब्यात घेते आणि विमानातल्या सेवकांना बोलावते. ते त्याला मागे ओढून पट्ट्यांनी खुर्चीशी जखडतात, खुर्ची मागे सारतात. शुद्ध हरपलेल्या देहाचा भार दांड्यावर पडता कामा नये. मग प्राणवायू, प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का याची विचारणा, आणि जमिनीवर संकटाची वर्दी. ती पोचली, की या विमानाला आधी वाट मिळते. एकाच अन्नाने दोघांना बाधा होऊ नये म्हणून बऱ्याच कंपन्यांत दोघांची जेवणेसुद्धा वेगळी असतात!

18 जून 2009 रोजी ब्रुसेल्सहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला निघालेल्या विमानाचा साठ वर्षांचा कॅप्टन वाटेत, अटलांटिकवर असतानाच वारला. बाकीच्या दोन वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. प्रवासी अडीचशेच्या आसपास. पण पुढे काय घडले आहे, याची त्यांना कोणी वाच्यता केली नव्हती.

"कोसळणारा माणूस ओळखणे सोपे असते, मामा," भाची म्हणाली. "कठीण तो न कोसळणारा. नुसता बसलेला. डोळे उघडे, हात जागच्या जागी, आणि आत मात्र कोणी नाही."

त्यासाठी त्यांचा एक नियम आहे. दोनदा बोलूनही शेजाऱ्याकडून योग्य उत्तर आले नाही, तर तो अक्षम झाला असे धरून विमान हाती घ्यायचे. पहिल्यांदा ऐकू आले नसेल. दुसऱ्यांदा मात्र विचार करीत बसायचे नाही. वय, हुद्दा, मान काही पाहायचे नाही.

या नियमाची गरज काय, ते 1972 सालच्या एका अपघातात दिसते. योगायोग असा, की तारीख तीच, 18 जून. आणि ते विमानही ब्रुसेल्सलाच निघाले होते. लंडनहून उडालेले ट्रायडंट तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ पडले. 118 माणसे होती, एकही वाचले नाही. कॅप्टनच्या हृदयाला आतून दुखणे जडले होते, हे शवचिकित्सेत दिसले. निघण्यापूर्वी एका सहकाऱ्याशी त्याची कडाक्याची बोलाचालीही झाली होती. विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडा खाली झुकतात आणि कमी वेगात विमानाला तोलून धरतात. त्या भलत्याच लवकर मिटवल्या गेल्या. दुखण्याने कॅप्टनचे अवधान ढळले असावे, असे चौकशीत ठरले. आणि अशी न दिसणारी अक्षमता ओळखायला वैमानिकांना शिकवलेले नव्हते, हेही नोंदले गेले. शेजारच्या खुर्चीवर बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याला काही जाणवले का? बोलावे की न बोलावे, यातच त्याचे ते क्षण गेले का? कोणाला ठाऊक! त्या विमानात बोलणे टिपून ठेवणारे यंत्र नव्हते.

पण त्या मुलाची जागा मला परिचयाची आहे. वीसएक वर्षांपूर्वी एका सकाळी नाना झोपाळ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आदल्या रात्री शेत विकण्यावरून आमचे वाजले होते. मी विचारले, "नाना, चहा आणू?" उत्तर नाही. राग उतरलेला नाही, असे मी समजलो. अर्ध्या तासाने पुन्हा विचारले; त्यांनी नुसते पाहिले. आई म्हणाली, "राहू दे. त्यांना बोलायचे नसेल." आमच्या घरी प्रश्न नाना विचारीत, त्यांना विचारण्याची रीत नव्हती. दुपारी पाने मांडली, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला घास उचलेना. अर्धांग होते. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणायचे होते." नाना पुढे चार वर्षे होते, त्यांचा आवाज मात्र आम्ही पुन्हा ऐकला नाही. आणि त्या सकाळभर मला वाटत होते, की मी त्यांचा मान राखतो आहे.

भाची तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. मी तिला विचारले, "वडीलधाऱ्या माणसाच्या हातून विमान काढून घ्यायचे, आणि तो चांगला ठणठणीत निघाला तर?"

"तर तो म्हणतो, 'मी बरा आहे.' विमान परत त्याच्या हाती. त्यात कोणाचा मान जात नाही, मामा. नियम त्यालाही ठाऊक असतो. उद्या तो माझ्याशीही तसाच वागेल."

आता त्या झोपाळ्यावर मी बसतो. वाचनात गढलो, की पहिली हाक ऐकू येत नाही. नातवाला मी सांगून ठेवले आहे, की आजोबांनी दुसऱ्या हाकेलाही ओ दिली नाही, तर ते रागावतील का, असा विचार करायचा नाही. येऊन खांदा धरून हलवायचे. परवा त्याने तसे केले. पुस्तक हातून पडले, पानातली खूण निसटली.

"बरा आहे रे बाबा," मी म्हटले. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतले आणि तो खेळायला पळाला.