पुढचं गाणं कधी?

माझं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं आणि आता पुढे काय करायचं, हे मला कळेना. चाल माझी, आवाज माझा, शब्द मैत्रिणीचे. नोकरी सांभाळून, मिरजेतल्या आमच्या घरात पंखा बंद करून, भिंतींना गोधड्या टांगून रात्री उशिरा मी ते गायले. गाव जंक्शनचं, त्यामुळे एका गाडीची शिट्टी विरली की दुसरी यायच्या आत ओळ संपवायची. त्या कामात मी रमले होते. गोंधळ उडाला तो नंतर.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं आपण थेट टाकू शकत नाही, ते वितरक कंपनीमार्फत जातं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाण्याचा विचार व्हावा असं वाटत असेल, तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी त्यांच्याकडे पाठवायचं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. तो गोळा करून देणारी संस्था आयपीआरएस; तिचं सभासद व्हायचं. एकेक गोष्ट विचारत, वहीत लिहून घेत मी शिकत गेले.

मग गाणं लागलं आणि मी आकडा बघू लागले. २०२४पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं, तरच त्याची रॉयल्टी धरली जाते. घरच्यांनी, मित्रमैत्रिणींनी ऐकलं तोवर आकडा हलला, नंतर जागचा हलेना. हळूहळू माझं पेटीवर बसणंही कमी झालं. गाण्याची ओढ तर होतीच, मग हात का चालत नाही, हे मला उमजत नव्हतं.

विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. ऑफिसात साहेब काम मागतात. नाटकाला प्रयोगाची तारीख असते. गणपतीत मंडळाला ठरल्या वेळी आरती हवी असते. माझं दुसरं गाणं मात्र कुणीच मागितलेलं नव्हतं. आज केलं काय, पुढच्या वर्षी केलं काय, कुणाचं काही अडणार नव्हतं. नकार पचवता येतो, कारण निदान समोर कुणीतरी असतं. इथे समोर कुणीच नव्हतं.

याचं उत्तर मला आमच्या गावाच्या इतिहासात सापडलं. गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १८९६मध्ये त्यांनी मिरज सोडली, संस्थानिकाचा आश्रय मागे ठेवला आणि गावोगाव फिरले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही लोकांच्या मदतीवर. हे वाचताना मी त्या तिकिटापाशी थांबले. तिकीट काढलेला माणूस ठरल्या दिवशी येणार, म्हणजे गवयाला त्या दिवशी तयार असावंच लागणार. आमच्या गावातल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी कलाकार सेवा म्हणून हजेरी लावतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिथेही दिवस ठरलेला असतो आणि श्रोते सतरंजीवर येऊन बसलेले असतात.

मग मीही दिवस ठरवला. महिन्याचा शेवटचा रविवार, संध्याकाळी, आमच्या बाहेरच्या खोलीत. शेजारच्या काकू, शाळेतल्या संगीताच्या बाई, ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि तंबोरे करणारे एक कारागीर यांना बोलावलं. दर वेळी नवीन गाणं गायचं. मुखडा आणि एक अंतरा झाला असेल, तरी चालेल. काकूंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "अगं, शेवटच्या ओळीतले शब्द ऐकूच येत नाहीत. त्याआधी श्वास घे की!" बाईंनी समेवर येताना होणारी माझी घाई दाखवली. कारागीरकाका तंबोऱ्याची जवारी लावून देता देता म्हणाले, "चाल चांगली आहे, पण पट्टी तुम्हाला उंच होतेय." आकड्यातून यातलं काहीच कळलं नसतं.

निघताना चप्पल घालत काकूंनी विचारलं, "मग, पुढचं गाणं कधी?" त्या प्रश्नानं माझा पुढचा महिना बांधून टाकला. दमून घरी आल्यावर आज गावंसं वाटतंय का, हे मी आता मनाला विचारत बसत नाही. काकू येणार आहेत, म्हणून पेटी उघडते आणि दहा मिनिटांत गाण्यात शिरलेली असते.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी कळकळीनं सांगेन: वितरण शिका, नोंदणी करा, हक्क सोडू नका. पण त्याआधी आपलं गाणं समोर बसून ऐकतील अशी चार-पाच माणसं शोधा आणि त्यांना तारीख द्या. आकडा माझा अजूनही लहानच आहे. गाणी मात्र पूर्ण होत आहेत.

या रविवारी रूपकातली चाल गायची आहे. सात मात्रांत शब्द अजून नीट बसत नाहीत, अंतऱ्याची दुसरी ओळ समेच्या आधीच संपते. शुक्रवारपर्यंत ती बसवायची आहे.